पँट तशीच बसते

८ जानेवारी

ती. ताईंना,

सा. नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीनं जास्त ठणकत असतील. तेल कोमट करून जिरवत जा, नुसतं चोपडून काही होत नाही. इकडे आम्ही बरे आहोत. दुकान चालू आहे. लेकीचा दर रविवारी फोन येतो, सुट्टी मिळाली की येईन म्हणते.

फोन सोडून ही पत्र लिहायला का बसली, म्हणून तुम्हाला धसका बसला असेल. रागावू नका, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. कानाचं यंत्र तुमचं डबीत आणि डबी कपाटात. आमचं खाली दुकान, वर घर. मी वर ओरडले की खाली माप द्यायला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही सगळं कळतं. आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुमचे बंधुराज बारीक व्हायला लागलेत.

हसू नका. तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला, तीस वर्षं हेच तर मागत होतीस. खरं आहे. लग्नात तुम्हीच माझ्या कानाशी लागून म्हणाला होतात, "याला वाढताना हात आखडता घे, भोपळा आहे नुसता." मी काय कमी प्रयत्न केले? फिरायला पाठवलं तर वाटेत खाऊन यायचे. ताट लहान केलं तर तीनदा भरून घ्यायचे. शेवटचं वजन केलं तेव्हा एकशे सहा भरले होते. दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरनं भरल्या बाकड्यांसमोर आरोळी ठोकली, "एकशे सहा! काटा संपला हो मास्तर!" सगळे हसले. हेही हसले. हसत हसत घरी आले आणि त्यानंतर बारा वर्षांत काट्यावर पाय ठेवलेला नाही. डॉक्टरांनीही नाद सोडला.

तुम्ही लांब असता, म्हणून तुम्हाला त्यांचं जाड असणं म्हणजे चेष्टेचा विषय. माझ्यासाठी ते रोजचं काम होतं. वाकता येत नाही म्हणून बुटांच्या नाड्या मी बांधायची. पायाची नखं मी कापायची. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या, नवव्या पायरीवर थांबायचे आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून भिंतीवरचा दिवा न्याहाळत राहायचे. कुणाच्या घरी गेलं की आधी खुर्चीला हात आहेत का ते बघायचे, असले तर "मी उभाच बरा" म्हणायचे. पोट आड येतं आणि कापडाच्या मधोमध हात पोचत नाही, म्हणून सुताराला बोलावून कटिंगच्या टेबलाची कड अर्धगोल कापून घेतली. त्या खाचेत पोट बरोबर बसायचं. लोक हसायचे, त्यांच्याआधी हेच हसायचे.

तर आता त्या खाचेत पोट बसत नाही. मधे चार बोटं फट राहते. परवा कोटाचं कापड त्या फटीतून घसरून खाली पडलं. पायऱ्या एका दमात चढतात. नखं स्वतःची स्वतः कापतात. मी कातर घेऊन बसले तर म्हणाले, "राहू दे, मला येतं आता." मला येतं आता! लहान मुलासारखे खूश झाले होते. मी मात्र कातर घेऊन तशीच बसून राहिले. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

डाएट म्हणून विचाराल तर एका शब्दानं बोलत नाहीत. सकाळी अर्धं ताट टाकून उठतात, "दोन घासांत पोट भरतं" असलं काहीतरी सांगतात. दुपारी मी वर असते, डबा खाली पाठवते, तो मात्र रिकामा येतो. मला वाटायचं, चला, एक वेळ तरी जेवतात. मग दुकानात कोपऱ्यात बसून काज-बटण करणारे आमचे काका बोलता बोलता बोलून गेले, "वहिनी, मास्तर रोज मला खाऊ घालतात, तुमच्या हाताला चव आहे हो." म्हणजे डबा काका खातात. मग हे कुठं जेवतात?

ऐका पुढं. एक बाई येते दुकानात. कुठल्याशा ऑफिसात साहेब आहे, कोट शिवून घेते, म्हणून मी तिला कोटवाली म्हणते. काटकुळी, उंच, कोट तिला शोभतोही. ऑक्टोबरात ती यांना म्हणाली, "मास्तर, तुम्ही तर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलात!" यांचे कान लाल झाले, मी मशीनवरून बघितलं. त्यानंतर दर गुरुवारी दुपारी हे दोन तास बाहेर. कुठं? तर अस्तर आणायला. ताई, अस्तरवाल्याचं दुकान गुरुवारी बंद असतं. पंचवीस वर्षं त्याच्याकडून माल घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल का? कुठंतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत.

आता म्हणाल, बारीक झाला तर कपडे सैल झाले असतील, नवे शिवले असतील. तसं काही नाही. पँटी त्याच चार, बरोबर बसतात. ते असो.

तुम्ही एक करा. तुमच्या नावानं त्यांना पत्र लिहा आणि सरळ विचारा. थोरल्या बहिणीपुढं ते खोटं बोलत नाहीत. आणि तुम्हाला आधीच काही ठाऊक असेल आणि भावाची बाजू घेऊन गप्प बसला असाल, तर तेही कळवा. मी काही मोडून पडणार नाही.

तुमची,
संशयी म्हणा हवं तर,
भावजय


५ फेब्रुवारी

ती. ताईंना,

सा. नमस्कार. पत्र पोचलं. यांना लिहिलेलंही पोचलं, ते त्यांनी वाचलं, घडी करून मापाच्या वहीत ठेवलं आणि "ताईचं अक्षर बिघडलं" एवढंच बोलले.

तुम्ही मला लिहिलंत, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, नवरा बारीक होतोय तर आनंद मान, पन्नाशी उलटलेल्या शिंप्याच्या मागं कोण लागणार आहे. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, ताई. इथं येऊन बघा. रविवारी लेकीनं फोनवर त्यांचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "बाबा, किती स्मार्ट दिसताय!" रस्त्यावर भेटेल तो पाठ थोपटतो. समोरचा औषधवाला म्हणाला, "काय घेता मास्तर, आम्हालाही सांगा." माणूस हडकला की सगळ्या जगाला आनंद होतो. आनंद झाला नाही अशी या गल्लीत मी एकटीच.

आणि तुम्ही खाली शेवटी जे विचारलंय, की बारीक झाला तर पँटी बरोबर कशा बसतात, त्याचं काय एवढं? कापड आहे, धुऊन धुऊन आटतं.

ते जाऊ दे. दवाखान्यात गेलो होतो, ते सांगते. पंधरा दिवस झाले, यांना जेवताना घास अडल्यासारखा होतो, उचकी लागते. खरं तर मीच मागं लागले, कारण दवाखान्यातून येताना ते कुठं वळतात हे मला बघायचं होतं. डॉक्टर आपले जुनेच, यांच्याच हातची पँट घालतात. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली. "चेहरा उतरलाय मास्तर. काट्यावर उभे राहता का?" यांनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "बरं बाबा, नका राहू. वजन कमी झालंय असं वाटतं का? कपडे सैल झालेत?"

हे म्हणाले, "छे! पँट तशीच बसते." आणि उभं राहून पँटीच्या कमरेत दोन बोटं घालून दाखवली. दोनच जेमतेम गेली. त्यांचं ब्रीद तुम्हाला ठाऊक आहे, ज्या पँटीला पट्टा लागतो ती शिंप्यानं बिघडवलेली. तेव्हा पट्टाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मग ठीक आहे, पित्त असेल," आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिनाभर घ्या म्हणाले.

मी काय करत होते विचाराल, तर मी खिडकीतून बाहेर बघत होते.

येताना कुठंही वळले नाहीत, सरळ घरी आले. जिन्यात मात्र पाचव्या पायरीवर थांबले. पाचव्या! महिन्यापूर्वी एका दमात चढत होते. कठड्याला धरून उभे, दिव्याकडंही बघेनात. मनात आलं, प्रेमात पडलेल्या माणसाला म्हणे धाप लागते. तुम्ही हसाल, पण माझ्या डोक्यात तेव्हा हेच आलं.

आता मी ठरवलंय. येत्या गुरुवारी मीही बाहेर पडणार. काकांना दुकानात बसवते, डोक्यावरून पदर घेते आणि मागं मागं जाते. या वयात हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण एकदाचं डोळ्यांनी बघू दे, मग सुटेन तरी. कोटवालीनं परवा कोट दुरुस्तीला टाकलाय, गुरुवारी न्यायला येते म्हणाली होती, आणि आता म्हणते शुक्रवारी येईन. हा काय योगायोग झाला?

काय दिसतं ते कळवीन. त्यांना यातलं एक अक्षर लिहू नका.

तुमची,
गुरुवारची वाट बघणारी,
भावजय


१९ मार्च

ती. ताईंना,

सा. नमस्कार. तुमचे फोन लेकीनं घेतले. ती आलेली आहे, चार आठवडे राहणार आहे. मी घेतले नाहीत, कारण तुमच्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. आजार काय आहे ते तिनं सांगितलंय: अन्ननलिका पोटाला मिळते तिथं गाठ आहे, वाईट आहे, औषधाचे डोस चालू आहेत, मग ऑपरेशन. जे तिनं सांगितलं नाही, कारण तिला ठाऊकच नाही, ते आज लिहिते. पूर्ण वाचा, मधेच फाडू नका.

त्या गुरुवारी मी गेले मागं. हे बाजार ओलांडून गेले, पूल ओलांडून गेले, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा भागात. मी शंभर पावलं मागं. मनात भांडणाची वाक्यं तयार होती, "हीच का तुमची अस्तराची पेठ?" वगैरे. एका औषधाच्या दुकानाशी थांबले. दुकानाबाहेर वजनाचं मशीन होतं, नाणं टाकलं की चिठ्ठी देणारं. यांनी इकडंतिकडं बघितलं, बूट काढले. स्वतः वाकून, स्वतः नाड्या सोडून. खिशातून टेप काढली, खडू काढला, कापायची कातर काढली, सगळं बुटांत ठेवलं आणि उभे राहिले. चिठ्ठी आली. वाचली. मग कातर उचलली, परत खिशात घातली आणि पुन्हा नाणं टाकून उभे राहिले. कातरीसकट.

दुसरी चिठ्ठी वाचून ते तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. लोक येत-जात होते, ते बूट हातात घेऊन बसून राहिले.

बाई नाही, बाईची सावली नाही. बारा वर्षं काट्याला न शिवलेला माणूस दर गुरुवारी शहराच्या टोकाला येऊन वजन करत होता आणि कातर खिशात घालून ते वाढवत होता. ताई, मी काय केलंय ते मला तेव्हा कळलं.

आता तेच लिहायचंय.

पँटी आटल्या नव्हत्या. पँटी मी आत घेतल्या होत्या.

पहिल्यांदा नोव्हेंबरात. इस्त्री करताना बघितलं, कंबर दीड इंच जास्त आहे, घातली की घसरणार. ते अस्तर आणायला गेलेले. घरातल्या तीन पँटींची, आणि ते झोपल्यावर चौथीची, मागची शिवण उसवली, दीड इंच आत घेतली, त्याच रंगाचा जुना दोरा शोधून घातला, आतलं जास्तीचं कापड होतं तसं दाबून दिलं. पुन्हा डिसेंबरात एक इंच. पुन्हा जानेवारीत, तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच आठवड्यात. पुन्हा दवाखान्याच्या आदल्या दिवशी. चार वेळा मिळून पाच इंच. इतकं आत घेतलं की मागचे खिसे एकमेकांना टेकायला आले. तरी मला वाटायचं, त्यांना कळत नाही.

का केलं? कारण ऐका आणि हव्या तेवढ्या शिव्या द्या. आपण बारीक झालोय हे त्यांना कळू नये म्हणून. कळलं की ऐट येईल, आणि ऐट आली की कोटवालीचं बोलणं खरं वाटायला लागेल. सकाळी पँट घट्ट बसली की त्यांना वाटावं, मी आपला होतो तसाच आहे, भोपळा. जाड होते तोवर ते माझे होते, ताई. त्यांच्या नाड्या, त्यांची नखं, त्यांचा श्वास, सगळं माझ्याजवळून जायचं. बारीक झालेला माणूस कुणाचाही होऊ शकतो असं माझ्या डोक्यानं घेतलं. तीस वर्षं ज्याला लोक हसले त्याला जरा बरं वाटत होतं, आणि बायको म्हणून मला ते बघवलं नाही.

आणखी एक राहिलंय. दवाखान्यात ते "पँट तशीच बसते" म्हणाले, तिथं मी तुम्हाला गोष्ट संपवली. ती तिथं संपली नव्हती. डॉक्टर माझ्याकडं वळले होते. "वहिनी, तुम्ही शिवणाऱ्या, तुमची नजर पक्की. तुम्ही सांगा, सैल झालीये का?" आणि मी म्हटलं, "नाही हो, तशीच बसते." त्यानंतर मग खिडकीतून बाहेर बघितलं.

पुलावरून मी घरी आलेच नाही, थेट दवाखान्यात गेले. बाकड्यांवर माणसं होती, मी रांग मोडून आत घुसले आणि म्हटलं, "डॉक्टर, मी खोटं बोलले. पाच इंच आत घेतलीये पँट." त्यांनी समोरच्या पेशंटला बाहेर पाठवलं. किती दिवसांत, विचारलं. तीन महिन्यांत, म्हटलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लगेच फोन उचलला आणि मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवसाची वेळ घेतली.

तिथं तोंडातून नळी घालून बघायचं होतं. बाहेर बाकावर आम्ही दोघं. हिरवा झगा घातलेले ते केवढेसे दिसत होते. त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरलेला नाही. म्हणाले, "तुला मी काही बोललो नाही, पण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

म्हटलं, "काय?"

"पँटी. अगं, तुझा टाका मी ओळखणार नाही? दोरा तू जरा ओढूनच धरतेस. मागची शिवण बघितली आणि म्हटलं, हिच्या लक्षात आलंय. मी झडतोय हे हिनं बघितलंय, आणि मी घाबरू नये म्हणून गुपचूप आत घेतेय. मग मीही गप्प बसलो. डॉक्टरांना तशीच बसते म्हटलं ते त्यामुळंच. तू एवढं झाकत होतीस, मी कसं उघडं करणार? आणि तूही तशीच बसते म्हणालीस, तेव्हा तर माझी खात्रीच झाली."

तेवढ्यात नर्सनं त्यांना आत नेलं. मी बाकावर बसून राहिले.

पुढं सगळ्यांना तेच सांगायला लागले. लेकीला, काकांना, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला. "आमच्या हिनं तीन महिने मला कळू दिलं नाही हो, पँटी आत घेत राहिली बिचारी." लोक माझ्याकडं बघून माना डोलवायचे. लेकीनं मला मिठी मारली. मोठ्या डॉक्टरांनी एकदाच विचारलं, "आधी का नाही आलात? नोव्हेंबरात आला असतात तर गाठ बरीच लहान असती." तेव्हाही हेच म्हणाले, "साहेब, आम्ही दोघंही भित्रे." दोघंही!

मोठे डॉक्टर आणखी एक म्हणाले. म्हणाले, अंगात होतं म्हणून एवढं झिजूनही उभे आहेत, आधीच काटक असते तर एव्हाना खाटेला लागले असते. आणि म्हणाले, ऑपरेशन झेपायला हवं तर आणखी चार किलो चढवून आणा, नाहीतर मी हात लावणार नाही. चार किलो! जन्मभर ज्याला उतरव उतरव म्हणून टोचलं त्याला आता चढवायचंय, आणि घास गिळवत नाही. पातळ करून, गाळून, दर दोन तासांनी चार-चार चमचे. बसतात गिळत. डोळ्यांतून पाणी येतं, तरी गिळतात. काल एका वाटीला पाऊण तास लागला.

वजन आता दवाखान्यात दर सोमवारी होतं. पहिल्या सोमवारी ते काट्याजवळ जाऊन थबकले, बाकड्यांवर लोक होते. तेव्हा मी चप्पल काढून आधी चढले आणि मोठ्यानं म्हटलं, "एकोणऐंशी! बघा, घरात जाड कोण आहे ते." लोक हसले. मग ते चढले. अठ्ठ्याहत्तर. आत्तापर्यंत सव्वा किलो चढलंय. तीन आठवडे हातात आहेत आणि पावणेतीन राहिलंय. जमेल का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आता शेवटचं. काल मी त्यांना खरं सांगितलं.

लेक औषधं आणायला गेली होती. ते पलंगावर बसले होते, मी वाटी घेऊन समोर. म्हटलं, वाटी संपेपर्यंत थांबावं, नाहीतर घास जाणार नाही. वाटी संपली. मग सांगितलं. पहिल्या दीड इंचापासून कोटवालीपर्यंत, पुलापर्यंत, सगळं. त्यांच्याकडं न बघता सांगितलं.

ते म्हणाले, "कोटवाली? तिचा डावा खांदा उतरता आहे, तिथं आतून पाव इंच जास्त भरावं लागतं. याच्यापलीकडं त्या बाईचं मला काही माहीत नाही." मला हसू आलं आणि रडूही आलं. मला वाटलं, सुटले, आता तेही हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"मी आजारी आहे हे तुझ्या मनातही आलं नव्हतं?"

"नाही हो."

ते रागावले असते तर मी पाय धरले असते. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "रोज सकाळी पँट चढवताना मला धीर यायचा गं. वाटायचं, हिला ठाऊक आहे, ही आहे आपल्याबरोबर, बोलत नाही एवढंच. पुलापलीकडं त्या पायरीवर बसायचो तेव्हाही वाटायचं, घरी गेलो की तिथं माझ्याइतकंच घाबरलेलं एक माणूस आहे." आणि मग मला विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी एकटाच होतो?"

ताई, मी त्यांना काय सांगू? आज सकाळी त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली, स्वतःच्या हातानं चार चमचे घेतले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. अजून तसेच आहेत, मी दाराशी बसून हे लिहितेय.

तुम्ही या. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, तरी या, लेक स्टेशनवर घ्यायला येईल. कानाचं यंत्र घालून या, ते आता फार हळू बोलतात. मला जे बोलायचंय ते इथं येऊन बोला, मी दारात उभी राहून ऐकून घेईन. पण आधी आत जा आणि त्यांच्याजवळ बसा.

त्यांना तीन महिने एकटं ठेवलेली,
तुमची भावजय